कोरपन्यापर्यंत पोचलेल्या नर्सबाई

कोरपना तालुका म्हटलं की चंद्रपूरकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात: कापूस आणि सिमेंट. वर काळ्या जमिनीत पऱ्हाटी, खाली चुनखडी. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथल्या कारखान्यांचे धुराडे लांबून दिसतात. एका अंगाला पैनगंगा, दुसरीकडे माणिकगडाचे डोंगर आणि त्यापलीकडे तेलंगण. बाजारात मराठी चालते, पण गुड्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, गोंडी आणि कोलामी, आणि हद्दीजवळ तेलुगूही.

बारावी सायन्सचा निकाल लागला की या गावांतल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी हुशार आहे, पण नीटच्या क्लाससाठी तिला नागपूरला ठेवणं झेपणारं नाही. मग कुणीतरी म्हणतं, नर्सिंगला टाका. एएनएम दोन वर्षांत होतं, जीएनएमला तीन लागतात, बीएस्सीला चार. वडील विचारतात, नोकरी लागते का? आजी विचारते, रात्रपाळी असते म्हणे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि दोन्ही जुने आहेत. कोरपन्यात विचारले जाण्याआधी ते मुंबईत, पुण्यात, नागपुरात विचारून झाले आहेत, आणि काही बायकांनी त्यांची उत्तरं स्वतःचं आयुष्य पणाला लावून दिली आहेत.

नर्स येण्याआधी गावात सुईण होतीच. नाळ कापायची, बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं पोट चोळायचं, शेक-शेगडी करायची. तिचा हात हलका असायचा आणि अनुभव दांडगा, पण मूल आडवं आलं किंवा रक्त थांबेना झालं की तिच्याजवळ उपाय नसायचा. हे काम विटाळाचं मानलेलं, म्हणून ते बहुतेक गावांत खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांवर टाकलेलं. आजाऱ्याची शुश्रूषा मात्र प्रत्येक घरातली बाई करत होती, तीही बिनमोल. त्यामुळे अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं मलमूत्र काढायचं, रात्र जागायची आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज समाजाला पचणारी नव्हती. या मुलुखात नर्सिंगचा इतिहास लिहायचा तर तो कुणी कुणाला शिवायचं, याचाच इतिहास होतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने हिंदुस्थानातल्या रुग्णालयांसाठी परिचर्येची योजना 1865 मध्येच कागदावर मांडली होती. मुंबईत तिला खरा आकार आला तो 1886 मध्ये उघडलेल्या कामा हॉस्पिटलात. तिथे डॉ. एडिथ पीची यांनी रुग्णालयासोबत नर्सांचं शिक्षणही सुरू केलं. बायकांच्या रुग्णालयात बायकाच डॉक्टर आणि बायकाच नर्स, असा तो आग्रह होता. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रशिक्षित भारतीय नर्स म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं, साल 1891. ते नाव वाचून विद्यार्थिनी पान उलटते. त्या कुठून आल्या, घरच्यांनी काय म्हटलं, पहिल्या रात्रपाळीला त्यांना काय वाटलं असेल, हे त्या पानावर नसतं. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई आणि रखमाबाईंची चरित्रं आपल्याकडे आहेत. पहिल्या नर्सच्या वाट्याला अर्धी ओळ आली.

मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारलं आणि तीन वर्षांत, 1897 मध्ये, त्याला नर्सिंगची शाळा जोडली. शतक संपता संपता पडलेल्या दोन मोठ्या दुष्काळांनी अनेक पोरक्या मुली मिशनच्या आश्रमांत आणून सोडल्या होत्या. त्यांतल्या काही पुढे नर्स झाल्या. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, पारशी, बेने इस्राएल या समाजांतल्या मुली आधी आल्या, कारण त्यांच्या घरी हात लावण्याची बंधनं सैल होती. नागपुरात स्कॉटिश मिशनच्या डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन यांनी 1896 मध्ये म्यूर मेमोरियल रुग्णालय उघडलं आणि विदर्भातही हीच परंपरा सुरू झाली.

मिरजेची शाळा निघाली त्याच 1897 च्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांनी नर्सिंगचं प्रमाणपत्र घेतलेलं नव्हतं. पण ज्या रोगाला घाबरून माणसं स्वतःच्या नातेवाइकांना सोडून पळत होती, त्या रोगाने पछाडलेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. महाराष्ट्रातल्या परिचारिकांनी आपला इतिहास सांगताना नाइटिंगेलच्या दिव्याआधी सावित्रीबाईंपासून सुरुवात करावी.

घरंदाज हिंदू बाईसाठी हे दार उघडलं ते पुण्याच्या सेवासदनने. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात ही संस्था उभी केली आणि तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायला सुरुवात केली. आलेल्या बहुतेक जणी तरुण विधवा होत्या. घरात त्यांना दोनच जागा होत्या, स्वयंपाकघर आणि माजघराचा कोपरा. नर्सिंगने तिसरी जागा दिली. पुण्याला ते सहज रुचलं नाही. सेवासदनच्या एका समारंभात एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला उठली तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो केली. रमाबाई एरवी शांत स्वभावाच्या, पण त्या दिवशी उभ्या राहून त्यांनी त्या मुलांना सगळ्यांसमोर खडे बोल सुनावले. नर्सिंगला पुण्यात प्रतिष्ठा मिळाली तिची किंमत अशा प्रसंगांत मोजली गेली.

विदर्भात हेच काम एका बालविधवेने केलं. कमलाताई होस्पेट यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्सिंग आणि सूतिकाशास्त्राचं शिक्षण घेतलं, आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत मातृसेवासंघ सुरू केला. सुरुवात चार खाटांच्या प्रसूतिगृहाने झाली. या संस्थेचं वेगळेपण नीट समजून घ्यायला हवं. तिच्यामागे ना मिशन होतं ना सरकार, आणि ती काढणारी कुणी डॉक्टरही नव्हती. नर्सिंग शिकलेल्या बाईने स्वतःच्या हिमतीवर रुग्णालय काढलं, दारोदार फिरून वर्गणी मागितली, खेड्यांतल्या मुलींना प्रसूतीचं शिक्षण दिलं आणि विदर्भात गावोगाव शाखा उघडल्या. 1961 मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये त्या गेल्या तेव्हा विदर्भातल्या कित्येक घरांत दोन पिढ्यांचे जन्म संघाच्या रजिस्टरात नोंदलेले होते. नर्सने डॉक्टरच्या हाताखालीच राहायचं असतं असं मानणाऱ्यांना नागपूरचं हे उदाहरण दाखवावं.

कोरपन्याला मात्र यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. तेव्हा ते राजुरा तालुक्यातलं गाव, आणि राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. वर्धा नदीपलीकडे इंग्रजांचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, अलीकडे हैदराबाद संस्थान. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, 1956 मध्ये राजुरा नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्याला. म्हणजे आज साठी-सत्तरी उलटलेल्या कोरपनेकरांच्या आईवडिलांनी एका जागी राहून तीन जिल्हे पाहिले. प्रत्येक जिल्ह्याचं मुख्यालय लांब, मध्ये जंगल आणि नद्या. अशा कोपऱ्यात दवाखाना येतो तो सगळ्यात शेवटी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची अवस्था काय होती ते भोर समितीने 1946 च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सांची संख्या सुमारे 7,000, म्हणजे 43,000 लोकांमागे एक. डॉक्टर 6,300 लोकांमागे एक. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की धक्का बसतो. डॉक्टरांपेक्षा नर्स जास्त असायला हव्यात, इथे त्या सातपट कमी होत्या. समाजाने मुलींना या कामापासून दूर ठेवल्याचा तो हिशेब होता. 1947 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याआधी एक वर्ष दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली होती. पण पदवीधर नर्स खेड्यात कधी पोचणार?

त्यावरचा तोडगा म्हणून एएनएम आली. ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, पुढे सरकारी मराठीत आरोग्य सेविका, लोकांच्या तोंडी नर्सबाई. देशातलं तिचं पहिलं प्रशिक्षण 1951 मध्ये पंजाबातल्या तरनतारनला सुरू झालं. 2 ऑक्टोबर 1952 पासून सामूहिक विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रं आली आणि त्यांच्याखाली उपकेंद्रं. 1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्या कामाची व्याप्ती वाढली. बाळंतपणांसोबत हिवताप, लसीकरण, कुटुंबनियोजन, सगळ्यांचा भार एकाच बाईवर आला. निकष असा की सपाट प्रदेशात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात 3,000 मागे. कागदावर तीन हजार माणसं मोजता येतात, पण जिवती-कोरपन्याच्या डोंगरातले कोलाम गुडे दूरदूर विखुरलेले असतात आणि मध्ये नाले असतात. पावसाळ्यात नाला भरला की उपकेंद्र हाकेच्या अंतरावर असलं तरी दुसऱ्या देशात असल्यासारखंच.

तिच्या कामातली एक छोटी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. लसीकरणाच्या दिवशी लस नेण्याच्या डब्यात चार बाजूंना चार आइसपॅक ठेवायचे असतात. ते फ्रीजरमधून काढले आणि भरले असं चालत नाही. बाहेर ठेवून त्यांना घाम येऊ द्यायचा, मग एकेक उचलून कानाजवळ हलवायचा. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की तो डब्यात जातो. कारण काही लसी उन्हाने खराब होतात तशा काही गोठल्यानेही निकामी होतात, आणि गोठलेली लस वरून पाहून ओळखू येईलच असं नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या वर असतो. त्या उन्हात डबा खांद्याला लावून गुड्यावर जायचं, कापूस वेचणीच्या हंगामात घरी कुणी सापडत नाही म्हणून सकाळी लवकर किंवा शेताच्या बांधावर गाठायचं, टोचलेल्या बाळाजवळ थोडा वेळ थांबायचं, कार्ड भरायचं. त्याच फेरीत गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, तापाच्या रुग्णाच्या रक्ताची काचपट्टी, आणि या भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर असल्याने त्याची तपासणी. हिला ‘ऑक्झिलरी’, म्हणजे सहाय्यक म्हटलं गेलं. कुणाची सहाय्यक? उपकेंद्रात तिच्या वर वर्षानुवर्षं कुणीच नव्हतं.

याच काळात चांद्यात आणखी दोन प्रवाह येऊन मिळाले.

पहिला केरळचा. 1962 मध्ये सीरो-मलबार चर्चने केरळबाहेरचं पहिलं मिशन क्षेत्र म्हणून चांद्याची निवड केली. त्यासोबत मल्याळी जोगिणी आल्या, त्यांतल्या अनेक प्रशिक्षित नर्स होत्या. चंद्रपूरचं क्राइस्ट हॉस्पिटल हे त्या वाटेवरचं ठळक नाव. ‘नर्स म्हणजे मल्याळी सिस्टर’ हे समीकरण विदर्भातल्या एका पिढीच्या मनात बसलं ते यामुळे. त्या मुली मराठी शिकल्या, काही जणी गोंडीही बोलू लागल्या, वऱ्हाडी शिव्या आणि लाड दोन्ही त्यांना कळू लागले. केरळने नर्सिंगला घराचं भाग्य उजळणारा व्यवसाय मानलं, त्याचे पैसे गावी जाऊन भावंडांची शिक्षणं झाली, घरं उभी राहिली. महाराष्ट्राला ते कळायला वीस-पंचवीस वर्षं जास्त लागली.

दुसरा प्रवाह इथल्याच मातीतला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या धर्मांतरानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात दीक्षा दिली. त्यानंतरच्या पिढीत बौद्ध घरांतल्या मुली शाळेत टिकल्या, मॅट्रिक झाल्या, आणि नोकरीचा विचार करताना शिक्षिकेच्या खालोखाल नर्सिंगकडे वळल्या. त्यांच्या आज्या-पणज्यांना जे काम जातीमुळे, बिनपगारी आणि अपमानासह करावं लागत होतं, तेच काम या मुलींनी परीक्षा देऊन, नोंदणी करून, सरकारी पगारावर केलं. काम तेच राहिलं, पण करणाऱ्या बाईचा समाजातला दर्जा पालटला. वॉर्डात सलाइन लावताना ‘तुम्ही कोण?’ असं विचारणारे रुग्ण त्यांना भेटलेच. पण सुई टोचायला हात पुढे करावाच लागतो. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत शिवाशिवीला तडा गेला तो या मुलींच्या हातांनी, हे इतिहासात ठळकपणे नोंदलं जायला हवं.

जंगल जसजसं दाट होतं तसतसा नर्सिंगचा अर्थही बदलतो. 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. वीज नाही, पावसाळ्यात महिनोन्महिने वाट बंद. तिथला माडिया आदिवासी आजारी पडला की आधी पुजाऱ्याकडे जायचा. अशा ठिकाणी शिकलेली नर्स बाहेरून आणून टिकवणं जवळपास अशक्य, म्हणून कार्यकर्ते आणि स्थानिक तरुणच मलमपट्टी, इंजेक्शन, टाके, प्रसूती शिकत गेले. पुढे प्रकल्पाच्या शाळेत शिकलेली माडिया मुलं डॉक्टर, नर्स, शिक्षक होऊन निघाली. ज्या समाजात पांढऱ्या कपड्यातलं माणूस दिसलं की लोक जंगलात पळत, त्याच समाजातली मुलगी पांढऱ्या कपड्यात उभी राहिली.

गडचिरोली 1982 मध्ये वेगळा जिल्हा झाला आणि 1986 मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथे आले. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत नर्स हवी होती. पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायला बाई तयार नव्हती, आणि तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारी, पडद्याआड नेऊन तपासणारी बाई गावात नव्हती.

त्यानंतरचा प्रयोग जगभर गाजला. न्यूमोनियाने बाळं मरत होती आणि निदानासाठी श्वास मोजावे लागत. गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा अभय बंगांनी मण्यांचं एक साधं यंत्र केलं. एका मिनिटाची वाळू आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या छातीकडे पाहत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी पाच पांढरे मणी आणि सहावा लाल, त्याहून मोठ्यासाठी चार पांढरे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणारी बाई निदान करू लागली.

1993 पासून 39 गावांत प्रयोग आणि 47 गावांत तुलना अशी आखणी झाली. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाला ऊब देणं, वजन करणं, श्वास अडकलेल्या बाळाला फुगा-मास्कने श्वास देणं, आणि जंतुसंसर्ग झाला तर आईबापांच्या संमतीने मांडीत जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करत. डिसेंबर 1999 च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. प्रयोगाच्या गावांत हजारी नवजात मृत्यू 62 वरून 25 वर उतरले होते, तुलनेच्या गावांत ते साठीच्या आसपासच राहिले. 2011 पासून देशभरच्या आशा स्वयंसेविकांच्या कामात घरोघरची नवजात सेवा आली, तिचं मूळ गडचिरोलीच्या या गावांत आहे.

आरोग्यदूत म्हणजे नर्स नव्हे. तिला कौन्सिलची नोंदणी नाही, वेतनश्रेणी नाही. पण परिचर्येचा गाभा तिने सिद्ध करून दाखवला: वेळेवर जाणं, नीट पाहणं, मोजणं, ऊब देणं, पुन्हा जाणं. या यशाचा एक उलटा वापरही होतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शिकलेली नर्स नेमण्याऐवजी मानधनावरची बाई नेमली की भागतं, असा सोयीचा अर्थ काढला जातो. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. उपकेंद्रांवरच्या अनेक नर्सबाई वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. कायम नर्सचा आणि कंत्राटी नर्सचा डबा सारखाच जड असतो, पगारात मात्र मोठी तफावत.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. नोकरी लागते का? महाराष्ट्र सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेची मूळ वेतनश्रेणी 35,400 पासून सुरू होते. वर परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. केंद्राने 2016 मध्ये ‘स्टाफ नर्स’ हे पदनाम बदलून ‘नर्सिंग ऑफिसर’ केलं. नागपूरला एम्स आलं, चंद्रपूरला 2015 मध्ये आणि गडचिरोलीला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मुलगेही आता या शिक्षणाला जातात आणि वॉर्डात ‘ब्रदर’ ही हाक रुळली आहे. खासगी रुग्णालयांतलं चित्र मात्र वेगळं आहे. तिथे नव्या नर्सला हातात पडणारी रक्कम कधीकधी सिमेंट कारखान्यातल्या कंत्राटी मजुरापेक्षाही कमी असते. म्हणून प्रवेश घेताना एक गोष्ट तपासलीच पाहिजे: संस्थेला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, आणि तिच्या विद्यार्थिनींना शिकायला खरोखर भरलेलं रुग्णालय मिळतं का. रुग्ण नसलेल्या इमारतीत नर्सिंग शिकता येत नाही. नावापुरत्या कोर्सवर शेत गहाण ठेवून पैसे घातलेली कुटुंबं या पट्ट्यातही आहेत.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. रात्रपाळी असते, आणि धोका तिच्याच वेळेला असतो असंही नाही. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएममध्ये नर्स असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्याच आवारात, तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर सुमारे 42 वर्षं, 18 मे 2015 रोजी त्या जाईपर्यंत, केईएमच्या नर्सांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी अरुणाताईंना उभं असताना पाहिलंही नव्हतं अशा मुलींनी त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांची पाठ कोरडी ठेवली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ न देणं किती कठीण आहे, हे ज्याने घरी आजारी माणूस सांभाळला आहे त्याला ठाऊक असतं. या एका खाटेभोवती परिचर्येचं सगळ्यात मोठं तेज आणि नोकरदार बाईच्या असुरक्षिततेचं सगळ्यात काळं पान एकत्र आहे. आजीची काळजी म्हणूनच हसण्यावारी नेता येत नाही. उपकेंद्राच्या निवासस्थानाला धड कडी नसेल, बाहेर दिवा नसेल, रात्री दार वाजवणारा रुग्णाचा नातेवाईक आहे की कुणी पिऊन आलेला हे कळायचा मार्ग नसेल, तर नर्सबाईने मुख्यालयी राहावं हा आदेश कागदावरच राहणार. नर्स गावात राहत नाही ही तक्रार ग्रामसभेत होते तेव्हा त्या खोलीची पाहणीही त्याच ग्रामसभेने करावी.

आणखी एक गोष्ट बोलीची. महाराष्ट्रातल्या अतिमागास आदिवासी समूहांत कोलाम आणि माडिया दोन्ही येतात, आणि दोन्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात आहेत. पहिलटकरीण कळा सुरू झाल्यावर मराठी बोलत नाही, आपल्या आईच्या भाषेत बोलते. आदिवासी भागांत प्रसूतीआधी काही दिवस येऊन राहण्यासाठी ‘माहेरघर’ योजना आहे. पण माहेर वाटायला तिथे आपली बोली कळणारी एखादी तरी बाई लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सही आहेत आणि त्यांना जर्मन शिकवायची सरकारी व्यवस्थाही आहे. विदर्भातली मुलगी उद्या श्टुटगार्टच्या वॉर्डात जर्मन आजींशी त्यांच्या भाषेत बोलेल, याचा अभिमानच वाटायला हवा. मग कोरपना, जिवती, भामरागड, एटापल्लीत नेमणूक होणाऱ्या आरोग्य सेविकेसाठी तीन महिन्यांचा कोलामी किंवा गोंडीचा वर्ग का असू नये? शिकवायला माणसं गावात आहेत, बोली जिवंत आहे, जिल्हा परिषदेची प्रशिक्षणं दर वर्षी होतातच. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कोलाम गुड्यावरची बारावी झालेली मुलगीच नर्सिंगला पाठवणं, तिची फी, वसतिगृह आणि पुस्तकं आदिवासी विकास विभागाने वेळेवर भरणं, आणि नोंदणी झाली की तिला तिच्याच तालुक्यात कायम पदावर नेमणं.